आबांच्या झाळेवर

आमच्या घरात बोलणं कमी आणि आवाज फार. भरे गावात रस्त्याच्या कडेला आमचं घर, घराला चिकटून आबांचं रेडिएटरचं दुकान, आणि दोन्हींच्या मध्ये एक पत्रा. पलीकडे आबांनी गॅसची बत्ती पेटवली की अलीकडे भांड्यांच्या मांडणीतली ताटं हलकी थरथरायची. आबा म्हणजे माझे वडील. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, जीप, ज्याचा म्हणून रेडिएटर गळेल तो त्यांच्याकडे यायचा, कारण पिरंगुटाच्या कारखान्यांत माल नेणाऱ्या गाड्या आमच्या दारावरूनच जायच्या. शिशा-कथलाच्या जोडाला आमच्याकडे झाळ म्हणत, आणि झाळ मारण्याआधी पितळ साफ करायला तेजाब लागे. त्या तेजाबाचा वास घरात असा मुरला होता की आई तांदळाची भाकरी थापताना म्हणायची, माझ्या पिठाला मीठ नको, तुमच्या दुकानातनंच येतंय. आबा हसायचे नाहीत, पण त्या दिवशी एक भाकरी जास्त खायचे. घेवड्याची आमटी आणि तांदळाची भाकरी असली की त्यांना आणखी काही लागत नसे, आणि नदीतले खेकडे मिळाले तर मग दुकानाचं दारही तासभर बंद.

दुकानात सिमेंटचा एक हौद होता. दुरुस्त केलेला रेडिएटर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी आबा त्याची तोंडं रबरी बुचांनी बंद करायचे, एका तोंडाला सायकलचा पंप लावून आत हवा भरायचे आणि सगळा रेडिएटर त्या हौदात बुडवायचे. कुठे गळत असेल तर तिथून बुडबुडे येणार. शाळेतून आले की मी हौदाच्या काठावर बसून बुडबुडे शोधायची. टाकीचा कोपरा, नळीचं तोंड, झाळेचा शेवट, कुठून गळतं आणि का गळतं हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. बत्तीही मी धरायला शिकले, कुणी शिकवलं म्हणून नाही, तर त्या घरात राहून न शिकणं कठीण होतं म्हणून. आबांचा धंद्यातला एकच नियम होता आणि तो ते मोडत नसत. दुसऱ्या कारागिराने मारलेल्या झाळेवर त्याला विचारल्याशिवाय झाळ मारायची नाही. कोणी नवा माणूस गळका रेडिएटर घेऊन आला की आबा आधी जुन्या जोडावरून बोट फिरवायचे आणि हा अमक्याचा हात आहे असं सांगायचे. मग त्या अमक्याकडे निरोप जायचा. त्याने कर म्हटलं तरच बत्ती पेटायची. गिऱ्हाईक वैतागायचं, पण थांबायचं.

मी पुण्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करत होते. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी घरी मशीन हवं होतं, तेव्हा हिंजवडीला कंपनीची गाडी चालवणाऱ्या मामाने तिथल्या एका ऑफिसने काढून टाकलेला कॉम्प्युटर आणून दिला. जड, पांढुरका, ठेवला की टेबल कुरकुरायचं. पत्र्याखालच्या खोलीत त्याचा पंखा असा ओरडायचा की आईला वाटे आबांनी पत्र्यापलीकडे दुसरी बत्ती पेटवली. होळी झाली आणि पत्रा तापायला लागला, तसं ते मशीन पंधरा मिनिटांत तापून आपोआप बंद पडायचं. एका दुपारी मी कॉलेजातून आले तर आईने पाण्याच्या माठाला गुंडाळतात तसं ओलं फडकं त्या कॉम्प्युटरला चारी बाजूंनी गुंडाळून ठेवलं होतं. आणि वर कौतुकाने सांगत होती की आता बघ कसा गार पडतोय. मी वायर उपसून मग श्वास सोडला. आईला ओरडलेही. त्याचं आज वाईट वाटतं, कारण विचार तिचा बरोबरच होता. फक्त पाणी आतून फिरवायला हवं होतं.

ते मला कॉलेजच्या लॅबमध्ये कळलं. परदेशातले लोक कॉम्प्युटरचा डबा कापून त्यात पाण्याच्या नळ्या, पंप आणि चक्क रेडिएटर बसवत होते, त्यांचे फोटो इंटरनेटवर होते. त्यातल्या एकाने तर मोटारीच्या हीटरचा छोटा रेडिएटर वापरला होता. मी ते कागद छापून घरी आणले आणि दुकानात आबांपुढे धरले. आबांनी कागद हातात घेतला, अगदी समोर धरला, मग जरा डावीकडे, जरा उजवीकडे असा सरकवत बघत राहिले. मग म्हणाले, यात शिकण्यासारखं काय आहे, इंजिन तापतं म्हणून पाणी फिरवायचं, हे तर मी तुझ्या जन्माच्या आधीपासनं करतोय. आणि लगेच उठून भंगारात जुन्या व्हॅनच्या हीटरचा रेडिएटर शोधायला लागले. कितीतरी दिवसांनी ते असे झटकन उठलेले मी पाहिले. नव्या गाड्यांना तेव्हा प्लास्टिकच्या टाक्यांचे, ॲल्युमिनियमच्या जाळीचे रेडिएटर यायला लागले होते. त्यांच्यावर आबांची झाळ धरत नसे. फुटला की फेकायचा आणि नवा बसवायचा. आबांकडे आता फक्त जुन्या गाड्या यायच्या आणि जुनी माणसं.

त्या जुन्या माणसांत बबनकाका होते. त्यांचा टेम्पो आणि आबांचं दुकान एकाच वर्षी सुरू झालेलं. भावकीतले नव्हेत, पण आबांचे सख्ख्या भावापेक्षा जवळचे. त्यांचा रेडिएटर दुसऱ्या कुणाच्या हातात गेला असं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्याच उन्हाळ्यात एक दिवस आबा जेवायला आत गेलेले असताना काकांनी मला टेम्पोपाशी बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, की गेल्या वर्षभरात आबांनी केलेला रेडिएटर तीनदा गळला. तिन्ही वेळा त्यांनी तो गुपचूप दुसरीकडून करून घेतला. आणखी दोघातिघांचंही तसंच झालंय, तेही बोलत नाहीत.

"तुज्या बापाला कळू देऊ नगंस," काका म्हणाले. "डोळं गेलं तर माणूस जगतो, मने. पन हात गेला म्हनलं की तो माणूस संपतो."

खरं सांगायचं तर आबांच्या डोळ्यांचं मला ठाऊक होतं. आईलाही होतं. आबा चौकटीला खांदा घासून जायचे. बाजूला ठेवलेला चहाचा कप त्यांच्या हाताने लवंडायचा. ते समोरचं बघायचे, पण कडेला काही असलं की ते त्यांच्यासाठी नसायचंच. हौदातही मधले बुडबुडे दिसायचे, कडेचे सुटायचे. आईने शेजारपाजारच्या बायकांना विचारलं होतं आणि सगळ्यांचं एकमत झालं होतं की मोतीबिंदू धरतोय. आणि मोतीबिंदू काय, पिकू द्यावा लागतो. कच्चा असताना डॉक्टर हात लावत नाहीत, असं आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं, जसा आंबा कच्चा उतरवत नाहीत. पिकला की भाताची कापणी उरकून पुण्याला न्यायचं, असं आईने मनाशी ठरवून टाकलं होतं. तोपर्यंत कशाला बोलून त्यांचा जीव दुखवायचा? म्हणून आई कप त्यांच्या अगदी समोर ठेवायला लागली, मी दुकानातली बादली वाटेतून हलवायला लागले, आणि आबांना वाटत राहिलं की आपलं अजून कुणाला कळलेलं नाही. त्यांनी स्वतःहूनही एक शब्द काढला नाही. या बाबतीत आम्ही तिघंही एकाच मातीचे होतो.

तर कॉम्प्युटरचं काम सुरू झालं, आणि तो महिना दीड महिना आमच्या घरातला सगळ्यात सुखाचा काळ होता असं मी आजही म्हणेन. डब्याचं वरचं पान आबांनी दुकानाच्या फरशीवर आडवं टाकलं, त्यावर खडूने चौकोन आखला, कडेने ड्रिलने भोकांची माळ काढली आणि मग छिन्नीने एकेक दुवा तोडत ते पान कापलं. चौकोन आखून मी दिला होता, पण भोकं सरळ रेषेत पडावीत म्हणून ते आधी प्रत्येक जागी बोट टेकवायचे आणि मग बोटाच्या शेजारी ड्रिल. कापलेल्या कडेला हाताला लागू नये म्हणून त्यांनी भंगारातल्या बसच्या खिडकीची रबरी पट्टी बसवली. प्रोसेसरवर बसवायचा तांब्याचा ठोकळा एका कारखान्याच्या मोडीतल्या जाड पट्टीतून काढला. आत पाणी फिरायला वाट ड्रिलने पाडली. त्याचा तळ सपाट हवा म्हणून काचेवर पॉलिश पेपर पसरून आबा दोन दिवस तो घासत बसले. पाहायची गरजच नव्हती, तळवा टेकवून ते सांगायचे की या कोपऱ्यात अजून केसभर उंच आहे. मी पट्टी लावून प्रकाशात बघायची आणि तिथेच उंच असायचा.

नळी गवंड्यांच्या लेव्हलची, पारदर्शक. पंप हवेच्या कुलरमधला, आणि तो बुडवून ठेवायला लोणच्याची बरणी. ती आईने तीन वेळा घासून दिली तरी त्यातून आंब्याच्या लोणच्याचा वास गेला नाही. त्या मशीनला शेवटपर्यंत जरा मोहरीचा वास यायचा. नळ्या जोडून झाल्यावर आईने कमरेवर हात ठेवून बघितलं आणि विचारलं की याला सलाइन किती दिवस लावून ठेवणार, घरी कधी सोडणार. पाणी बॅटरीच्या दुकानातून आणलेलं, बॅटरीत घालतात ते. हा माझा हट्ट होता, आबांचं मत विहिरीचं चालेल असं होतं. व्हॅनच्या रेडिएटरची एक टाकी सडलेली होती. ती आबांनी काढून टाकली, पितळेच्या पत्र्याची नवी टाकी घडवली आणि चारी बाजूंनी झाळ मारली. तेवढी बारीक, एकसारखी झाळ मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. हौदात बुडवून तपासली आणि म्हणाले, झाला. कॉलेजचं प्रदर्शन आठ दिवसांवर होतं.

दुसऱ्या दिवशी आबा पौडला एका लग्नाला गेले होते. मला कॉम्प्युटरचं सामान भिजायची भीती होती, म्हणून नळ्या जोडण्याआधी मी तो रेडिएटर पुन्हा एकदा हौदात धरला. उजव्या हाताचा कोपरा, अगदी कडेला, जिथे झाळ संपते. तिथून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येत होते. मी रेडिएटर बाहेर काढला, पुसला, पुन्हा बुडवला. तिथेच. हौदाच्या काठावर मी किती वेळ बसले ते आठवत नाही. आबांना सांगायचं म्हणजे त्यांना सगळंच सांगायचं. हा एक कोपरा सांगितला की बबनकाकांचा तीनदा गळलेला रेडिएटर सांगावा लागणार, चहाचा कप सांगावा लागणार. आणि या महिन्यात त्यांच्या चेहऱ्यावर जे परत आलं होतं ते माझ्याच हातांनी पुसायचं. मी उठले आणि बत्ती पेटवली. कोपरा तेजाबाने साफ केला, जुनी झाळ वितळवली, नवी मारली, सोड्याच्या पाण्याने धुतली आणि ताजी चमक दिसू नये म्हणून वर थोडी काजळी चोळली. पुन्हा बुडवून पाहिला. एकही बुडबुडा नव्हता. आईने पत्र्याआडून बत्तीचा आवाज ऐकला असणार, कारण आबा तर लग्नाला गेलेले. संध्याकाळी तिने फक्त मला भाकरीवर तूप जास्त वाढलं.

प्रदर्शनाला आबा आले. इस्त्रीचा पायजमा-शर्ट, टोपी, आणि चपलांना पॉलिश. मामाला कंपनीची गाडी नेमकी त्या बाजूला न्यायची होती म्हणून त्याने आम्हाला सोडलं. हॉलमध्ये मुलांनी चेंडू फेकणारा रोबो आणला होता, कुणी सूर्यावर चालणारी चूल. आमचा डबा टेबलावर ठेवला, चालू केला, आणि लेव्हलच्या नळीतून पाणी पळायला लागलं तेव्हा भोवती गर्दी जमली. पंखा जवळजवळ बंद. मशीन इतकं शांत चाललं होतं की एका मुलीने मला विचारलं, हे चालू आहे ना? आबा टेबलाच्या मागे उभे राहिले होते. पोरंपोरी विचारायची आणि मी सांगायची, आणि आबांचा हात सहज, सवयीने, त्या रेडिएटरवरून फिरत होता. मी बोलता बोलता बघितलं. त्यांचं बोट वरच्या कडेने आलं, बाजूने उतरलं आणि उजव्या कोपऱ्याशी थांबलं. मागे गेलं, पुन्हा आलं, पुन्हा तिथेच थांबलं. मग त्यांनी हात खिशात घातला.

तेवढ्यात परीक्षक म्हणून आलेले सर आमच्या टेबलाशी पोचले. वाकून बघितलं, तापमान किती कमी झालं ते विचारलं, वहीत लिहिलं. मग रेडिएटरच्या टाकीकडे बोट दाखवून म्हणाले की हे काम बाजारचं वाटत नाही, फार सुरेख केलंय, कोणी केलं? मी आबांकडे हात करून सांगितलं, "माझ्या वडिलांनी. त्यांचाच धंदा आहे."

सर आबांना नमस्कार करायला वळले. आबांनी उलट नमस्कार केला आणि म्हणाले, "टाकी माजी हाय, साहेब. जोड माजा न्हाई. ह्यो हितला जोड तिचा हाय."

सरांना वाटलं वडील लेकीचं कौतुक करतायत. ते हसले, माझी पाठ थोपटली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी आबांकडे बघू शकले नाही. दुसऱ्याच्या झाळेवर न विचारता झाळ, आणि वर काजळी. आम्ही संध्याकाळपर्यंत त्या टेबलामागे शेजारी शेजारी उभे होतो. बक्षीस रोबोला मिळालं. मला त्याचं काहीच वाटलं नाही, आणि याचंच मला नंतर नवल वाटलं.

परतताना मामा नव्हता. डबा कॉलेजातच ठेवून आम्ही बसच्या थांब्यावर आलो. बाकावर बसल्यावर आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुटनं गळत व्हता?"

मी सांगितलं, उजव्या कोपऱ्यातून, कडेनं.

"आनी ह्याच्या आदी?"

मग मी सगळं सांगितलं. बबनकाकांचा तीनदा गळलेला रेडिएटर, बाकीच्यांचे, चौकटी, कप, बादली. आई मोतीबिंदू पिकायची वाट बघतेय तेही सांगितलं. एक बस आली आणि आम्ही उठलो नाही. आबा समोर रस्त्याकडे बघत होते.

"आमाला तुमाला दुखवायचं नव्हतं, आबा."

"तुमी समदी चांगली माणसं," ते म्हणाले. "पर मला इचारायचं तरी. मी तुज्या हातात बत्ती दिली असती. मी बसून सांगितलं असतं, तू केलं असतंस. दुकान चाललं असतं की." त्यांनी मांडीवरची टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "तुजी झाळ चांगली हाय. जरा जाड हाय, पर चांगली हाय."

हे एवढं बोलणं आमच्यात त्याआधी कधी झालं नव्हतं. आज मी एका ऑफिसात खुर्चीत बसून काम करते, माझ्या हाताखाली माणसं आहेत, आणि कुणी माझ्या चुकीवर पांघरूण घातलेलं कळलं तर मी त्याच्यावर भयंकर चिडते. लोकांना वाटतं बाई कडक आहे. वाटू दे.

त्या रात्री जेवताना आबांनी आईला सांगितलं की पुण्याला डोळे दाखवायला जायचं, पिको न पिको. आई म्हणाली, कापणी होऊ द्या. आबा म्हणाले, उद्याच. कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं. डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी आबांची हनुवटी यंत्रावर टेकवून कितीतरी वेळ आत बघितलं, मग एका पडद्यासमोर बसवून, दिवा दिसला की बटण दाबा म्हणून सांगितलं. मी मागून बघत होते. कडेला दिवे लागत होते, विझत होते, आणि आबांचा अंगठा हलत नव्हता. मधे दिवा लागला की तेवढा हलायचा. ते अगदी मन लावून बसले होते, हौदापाशी बसायचे तसे.

मग डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. म्हणाले की हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस सुकत जाते, कडेपासून सुरू होऊन आत येते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. जे गेलं ते परत येत नाही. औषधाचे थेंब रोज घातले तर जे आहे ते राखता येईल, काही काळ.

आईने विचारलं, "आनी पिकल्यावर?"

"काचबिंदू पिकत नाही, मावशी," डॉक्टर म्हणाले. "तो फक्त खात जातो. वर्षभर आधी आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं. कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी टेबलावरच्या डोळ्याच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीकडे. उत्तर आबांनी दिलं. म्हणाले, नाही साहेब, कुणाच्याच ध्यानात आलं नाही, मीच लपवलं होतं. हा आजार रक्तातून उतरतो म्हणतात, म्हणून मी दरवर्षी डोळे तपासून घेते, आणि दरवर्षी त्या यंत्रावर हनुवटी टेकवली की मला तो प्रश्न ऐकू येतो. आबांनी त्याचं जे उत्तर दिलं ते मला अजून देता येत नाही.

आई औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहिली. आबा आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर. मी रडत होते. आबांनी मला रडू दिलं, समजूत काढली नाही, ती त्यांना कधी जमलीच नाही. मी थांबल्यावर ते म्हणाले, दुकान आता बंद करू. गळका माल देऊन लोकांच्या गाड्या तापवायच्या नाहीत. मी म्हटलं, मी करते की, तुम्ही सांगा. त्यांनी मान हलवली. तू तुझं शिक, म्हणाले, आता प्लास्टिकच्या टाक्या आल्या, तुला या धंद्यात घालून मी काय करू. त्यांचं बरोबर होतं. वर्षभर आधी मात्र मला बसून सांगण्यातही त्यांना मजा आली असती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग खांदा माझ्याकडे कलता करून ते हळूच म्हणाले, "बबन्याला ह्यातलं काय बोलू नगंस. आबा आदीच डोळं दाखवायला गेला असता, पर मीच पोरीला गप ऱ्हायला सांगितलं, असं त्येच्या मनात आलं तर त्यो जन्मभर सोताला खात बसंल. मोतीबिंदू हाय म्हनून सांग. पिकल्यावर काढनारेत म्हनून सांग."

मी हो म्हटलं.

त्यानंतर आबा बरीच वर्षं होते. पुढे पुढे त्यांना फक्त उजेड कळायचा. बबनकाका टेम्पो विकल्यावरही रोज सकाळी यायचे, दोघं ओट्यावर बसायचे, आणि काका त्यांना रस्त्यावरून कुठली गाडी गेली ते सांगायचे. रस्त्याच्या आवाजावरून आबांना ते आधीच कळलेलं असायचं, पण ते ऐकून घ्यायचे. काकांना खरोखर मोतीबिंदूच वाटत होता, की सगळं ओळखून तेही आमच्यासारखेच गप्प राहिले, हे मला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. मी सुट्टीला घरी गेले की ते मला अंगणात गाठायचे, आवाज खाली करायचे आणि विचारायचे, "आबाचा पिकला का गं?"

"अजून न्हाई, काका," मी म्हणायची.